‘सर्दीच तर आहे!’ : नाक आणि दमा यांच्या ताटातुटीची गोष्ट

आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. ऐकताना जे ‘म्हणजे’, ‘तर’, ‘बघा’ येतं ते थोडं गाळलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय. आजचा विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात आमच्या घरापासून करतो.

आमचं गाव चिखली तालुक्यात, म्हणजे बुलढाणा जिल्ह्याच्या भाषेत ‘घाटावर’. माझ्या आजीला बारमाही सर्दी होती. सकाळी उठली की दहा-पंधरा शिंका ठरलेल्या. सोयाबीनची मळणी सुरू झाली, थ्रेशरमधून कुटार उडायला लागलं की पदर नाकाला लावून ती काम करायची. आम्ही काही म्हटलं की तिचं एकच उत्तर : “मले काई नाई झालं बाबू, सर्दीच त हाय.”

मी नववीत होतो तेव्हा रात्री मला वेगळाच आवाज ऐकू आला. आजी खाटेवर बसलेली, दोन्ही कोपर गुडघ्यांवर टेकवलेले आणि छातीतून बारीक शिट्टी वाजतेय. आडवी झाली की जीव घाबरा व्हायचा, बसली की जरा बरं वाटायचं. मग सुरू झाल्या दवाखान्याच्या चकरा. नाकाच्या डॉक्टरांनी सांगितलं, हाड वाढलंय, थेंब टाका. छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं, दमा आहे, पंप घ्या. दोन दवाखाने, दोन फायली, दोन पिशव्या औषधं. नाकवाल्यांनी छातीचं विचारलं नाही, छातीवाल्यांनी नाकाचं विचारलं नाही. आणि आम्हीही सांगितलं नाही, कारण सर्दी ही काय सांगायची गोष्ट आहे?

यात सहा वर्षं गेली. सहाव्या वर्षी एका तिसऱ्या डॉक्टरांनी दोन्ही फायली शेजारी ठेवून विचारलं, “आजी, नाक कधीपासून वाहतं?” आजी म्हणाली, “लगन झालं तवापासून.”

मी धंद्याने सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्याकडे एक अनुभव सगळ्यांना येतो. एकाच सिस्टिमचे दोन भाग दोन टीम सांभाळत असल्या, की सगळ्यात चिवट बग त्यांच्या सीमेवर सापडतो. दोघी म्हणतात, आमच्या बाजूला सगळं ठीक आहे. आजीच्या बाबतीत नेमकं हेच झालं. म्हणून मला प्रश्न पडला, की नाक आणि छाती या दोन टीम झाल्या कधी? आधीपासून होत्या का? शोधायला लागलो तर उत्तर निघालं, नाही. आधी त्या एकत्र होत्या.

चरक आणि ग्रीक

‘दमा’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. दम म्हणजे श्वास. त्याआधी वैद्यांचा शब्द होता तमकश्वास. चरकसंहितेत श्वासाच्या रोगाचे पाच प्रकार सांगितलेत, त्यातला हा एक. चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात त्याचं वर्णन आहे. त्याचा मथितार्थ असा : वायू उलट दिशेने फिरतो, मान आणि डोकं धरतो, कफ उसळवतो आणि पीनस, म्हणजे नाकाचा विकार, निर्माण करतो. मग वाट अडते आणि घरघर सुरू होते. रोग्याला आडवं झालं की त्रास, बसलं की सुख. गरम हवंसं वाटतं. ढगाळ हवा, गारवा, पूर्वेचा वारा यांत त्रास वाढतो.

हे वाचलं तेव्हा मला खाटेवर बसलेली आजी दिसली. आणि यातला क्रम बघा, आधी नाक, मग छाती. चरकाच्या निदानस्थानात एका रोगातून दुसरा रोग कसा उपजतो ते सांगितलंय, तिथंही पडशातून खोकला आणि खोकल्यातून क्षय अशी साखळी आहे.

आता लगेच ‘आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं’ असं म्हणायची घाई नको. निरीक्षण अचूक होतं, पण त्याचं स्पष्टीकरण वायू आणि कफाचं होतं, आजच्या अर्थाने सूज किंवा ॲलर्जीचं नव्हतं. ग्रीकांचंही तसंच. त्यांना वाटायचं की मेंदूत कफ तयार होतो, नाकावाटे खाली झरतो आणि त्यातलाच काही छातीत उतरतो. सर्दीला युरोपात ‘कॅटार’ म्हणतात, त्या शब्दाचा मूळ अर्थच खाली वाहणं. म्हणजे नाक आणि छाती यांचा संबंध त्यांनीही ओळखला होता, कारण मात्र चुकीचं दिलं होतं.

ही चूक सतराव्या शतकात उघडी पडली. जर्मनीतल्या विटेनबर्गचे प्राध्यापक कॉनराड व्हिक्टर श्नायडर यांनी १६६० पासून या विषयावर ग्रंथ लिहिले आणि दाखवून दिलं, की शेंबूड मेंदूतून येत नाही, नाकाच्या आतल्या ओल्या अस्तरातून येतो. त्या अस्तराला आजही त्यांचं नाव आहे. हे काम फार मोलाचं होतं. पण चुकीच्या कारणाबरोबर संबंधही मोडीत निघाला. मेंदूतून काही झरत नाही ना, मग नाक नाकाच्या जागी आणि छाती छातीच्या जागी!

नळी आणि आरसा

पुढची फाळणी यंत्रांनी केली. १८१६ मध्ये पॅरिसमध्ये लेनेक यांनी कागदाची गुंडाळी करून रोग्याच्या छातीला लावली, त्यातून स्टेथोस्कोप जन्मला. छाती ‘ऐकता’ येऊ लागली. १८५४ मध्ये मॅन्युएल गार्सिया या गाणं शिकवणाऱ्या गृहस्थांनी छोट्या आरशांच्या मदतीने स्वतःच्याच स्वरतंतूंची हालचाल पाहिली. त्याच आरशाच्या युक्तीने पुढे नाकाची मागची बाजूही बघता येऊ लागली. ज्यांच्या हातात नळी ते छातीचे डॉक्टर, ज्यांच्या हातात आरसा ते नाक-कान-घशाचे. शरीरात जिथे भिंत नव्हती तिथे आपण अवजारांची भिंत घातली. स्पेशालिस्ट झाले, त्याचा फायदाही खूप झाला. पण मधला माणूस कोणाचाच राहिला नाही.

गंमत अशी, की याच काळात पुरावे उलट दिशेला बोट दाखवत होते. लंडनचे डॉक्टर जॉन बोस्टॉक यांनी १८१९ मध्ये एका रोग्याची कहाणी वैद्यकीय सभेत वाचली. दर उन्हाळ्यात त्याचे डोळे चुरचुरतात, शिंका येतात, मग छाती आवळते आणि श्वास पुरत नाही. तो रोगी म्हणजे ते स्वतःच. परागकणांच्या ॲलर्जीचं हे पहिलं नेटकं वर्णन मानतात, आणि त्याच्या शीर्षकातच डोळे आणि छाती दोन्ही होते. पुढे १८७१ मध्ये ब्रेस्लाउच्या व्होल्टोलिनी यांनी नोंदवलं, की नाकात वाढलेलं मांस काढल्यावर रोग्याचा दमा हलका झाला. नाकातलं मांस म्हणजे वैद्यकीय भाषेत पॉलिप, सुजलेल्या अस्तराचे द्राक्षासारखे लोंबते कोंब.

आपल्या मातीतला एक धागाही इथंच आहे. आपल्याकडे उकिरड्यावर, रस्त्याच्या कडेला उगवतो तो धोतरा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासमधल्या इंग्रज डॉक्टरांनी इथल्या लोकांना दम्यासाठी धोतऱ्याचा धूर घेताना पाहिलं आणि ही माहिती ब्रिटनला गेली. नंतर तिथे दम्याच्या सिगारेटी विकल्या जाऊ लागल्या. धोतरा जहाल विषारी आहे, घरी चुकूनही करू नका. पण त्याच कुळातल्या रसायनावरून बेतलेलं इप्राट्रोपियम आज नेब्युलायझरमध्ये दम्याला देतात, आणि वाहत्या नाकासाठी त्याचाच फवाराही आहे. रेणू एक, वापर दोन्ही मजल्यांवर.

डोकेदुखीची गोळी

१९२२ मध्ये पॅरिसच्या फर्नांद विदाल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विचित्र त्रिकूट मांडलं. काही लोकांच्या नाकात पॉलिप असतात, त्यांनाच दमा असतो, आणि ॲस्पिरिन घेतलं की त्यांना जीवघेणा झटका येतो. लेख फ्रेंचमध्ये होता, फारसा कोणी मनावर घेतला नाही. १९६८ मध्ये अमेरिकेत मॅक्स सॅम्टर यांनी तेच त्रिकूट पुन्हा मांडलं आणि आता जग त्याला सॅम्टरच्या नावाने ओळखतं.

कारण १९७१ मध्ये कळायला लागलं. जॉन व्हेन यांनी दाखवलं की ॲस्पिरिन शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनू देत नाही. ती वाट बंद झाली की या विशिष्ट लोकांमध्ये दुसऱ्या वाटेने ल्युकोट्राइन्सचा पूर येतो. ल्युकोट्राइन्स नाकाचं अस्तर फुगवतात आणि श्वासनळ्या आवळतात. एकच रसायन, एकाच वेळी, दोन्हीकडे.

हे फक्त पुस्तकातलं नाही. आपल्याकडे अंग दुखलं की किराणा दुकानातूनही गोळी मिळते. नाकात मांस वाढलंय आणि दमाही आहे, अशा माणसाने ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी वेदनाशामकं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. हे एक वाक्य आजच्या भागातून घरी नेलंत तरी माझं काम झालं.

एक फॉर्म अकोल्यात

आता आपल्या शेजारी या. खामगावहून तासाभरावर अकोला. नव्वदच्या दशकात जगभर मुलांच्या दम्याची आणि ॲलर्जीची एक प्रचंड पाहणी झाली, तिचं नाव आयझॅक. १९९८ मध्ये तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले तेव्हा त्यात ५६ देशांतल्या १५५ केंद्रांमधली १३-१४ वर्षांची ४,६३,८०१ मुलं होती. त्या केंद्रांमध्ये मुंबई-पुण्याबरोबर आपलं अकोलाही होतं.

मला त्या फॉर्ममधल्या प्रश्नांनी थांबवलं. छातीचे प्रश्न वेगळे, नाकाचे वेगळे, त्वचेचे वेगळे, पण एकाच मुलाला तिन्ही विचारायचे. आणि नाकाचा प्रश्न असा होता, की सर्दी किंवा फ्लू झालेला नसताना तुला शिंका येणं, नाक वाहणं किंवा चोंदणं असा त्रास कधी झालाय का?

‘सर्दी झालेली नसताना नाक वाहणं.’ हे मराठीत म्हणून बघा. विचित्र वाटतं ना? कारण आपल्या बोलण्यात नाक वाहिलं की ती सर्दीच. ‘सर्दी’ हाही मूळ फारसी शब्द, सर्द म्हणजे थंड. विषाणूमुळे झालेलं पडसं, परागकणांची ॲलर्जी, धुळीने आलेली सूज, भरलेलं सायनस हे सगळं आपण थंडीच्या खात्यात टाकून मोकळे होतो. पडसं आठ-दहा दिवसांत जातं. महिनोन्महिने राहते ती सर्दी नव्हे, ती नाकाच्या अस्तराची सूज. आजीला चाळीस वर्षं ‘सर्दी’ होती! आजाराला नावच नव्हतं, मग डॉक्टरांना सांगणार काय?

भिंत पडते

शेवटचा पुरावा नेदरलँड्समधून आला. ब्राउनस्टाल आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये नाकाची ॲलर्जी असलेले पण दमा नसलेले लोक घेतले. त्यांच्या फुप्फुसाच्या एका छोट्या भागात, दुर्बिणीतून, ॲलर्जी आणणारा पदार्थ थेट सोडला. नाकाला स्पर्शही केला नाही. दुसऱ्या दिवशी तपासलं तर नाकातही सुजेच्या पेशी वाढलेल्या. पुढच्या वर्षी उलट केलं. पदार्थ फक्त नाकात टाकला, आणि श्वासनळीच्या अस्तरात सुजेच्या खुणा सापडल्या. म्हणजे सूज वरून ठिबकत खाली जाते असं नाही. रक्तातून निरोप जातो आणि सगळी वाट एकदम पेटते. श्नायडर बरोबर होते, मेंदूतून काही झरत नाही. आणि चरकही बरोबर होते, संबंध आहे.

त्याशिवाय साधी यांत्रिक कारणंही आहेत. नाक हवा गाळतं, कोमट करतं, ओली करतं. नाक चोंदलं की माणूस तोंडाने श्वास घेतो आणि गार, कोरडी, धुळकट हवा थेट छातीत जाते.

डिसेंबर १९९९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेबरोबर जिनिव्हाला तज्ज्ञांची बैठक झाली आणि २००१ मध्ये एरिया नावाचा अहवाल आला. सार असं : वरचा आणि खालचा श्वसनमार्ग ही एकच वाट आहे. दम्याच्या बहुसंख्य रोग्यांना, सुमारे ८० टक्क्यांना, नाकाचाही त्रास असतो. ॲलर्जीच्या नाकवाल्यांपैकी १० ते ४० टक्क्यांना दमा असतो. म्हणून नाकाचा रोगी आला तर छाती तपासा, दम्याचा आला तर नाक तपासा. आजीच्या तिसऱ्या डॉक्टरांनी केलं ते इतकंच. आज डुपिलुमॅब नावाचं इंजेक्शन एकच, पण अमेरिकेत त्याला दम्यासाठी २०१८ मध्ये आणि नाकातल्या पॉलिपसाठी २०१९ मध्ये मान्यता मिळाली.

सोयाबीन आणि वादळ

दोन घटना अजून सांगतो, कारण त्या आपल्या शेताच्या बांधापर्यंत येतात. १९८० च्या दशकात स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात ठरावीक दिवशी अचानक दम्याच्या रोग्यांची रांग लागायची. कारण सापडायला वर्षं गेली. १९८९ मध्ये छापून आलं, की बंदरात जहाजातून सोयाबीन उतरवलं जायचं त्या दिवशी हे व्हायचं. दोषी होती सोयाबीनच्या टरफलाची धूळ. कोठाराला गाळण्या बसवल्या आणि साथी थांबल्या. आपल्या जिल्ह्यात दर आश्विनात घरोघरी थ्रेशर चालतं, त्यातून टरफलच उडतं, आणि माणूस त्याच्या तोंडाशी रुमाल बांधून उभा असतो.

दुसरी घटना मेलबर्नची, २१ नोव्हेंबर २०१६. गवताच्या परागकणांच्या मोसमात वादळ आलं, कण फुटून बारीक झाले आणि खोल फुप्फुसात गेले. हजारो लोक श्वास अडकून दवाखान्यात पोचले, १० जण दगावले. बाधितांमध्ये असे पुष्कळ होते ज्यांना तोपर्यंत दमा कधीच नव्हता. होता तो फक्त नाकाचा त्रास. ‘सर्दीच तर आहे’वाले.

मग आपण काय करायचं?

मी डॉक्टर नाही, सल्ला देणार नाही. पण दवाखान्यात काय सांगायचं ते आपल्या हातात आहे. महिनाभराहून जास्त नाक वाहतं किंवा चोंदतं का? वास येत नाही का? मळणीला, कापूस वेचताना, ढगाळ हवेत वाढतं का? रात्री किंवा पहाटे खोकला, धाप, शिट्टी आहे का? हे सगळं एकाच डॉक्टरांना, एकाच वेळी सांगा. नाक मोकळं करणारे थेंब आठवड्याहून जास्त टाकत राहिलं तर नाक उलट जास्त चोंदतं, हे लक्षात ठेवा. आणि पंपाची ‘सवय लागते’ ही भीती सोडा. सूज रोजची असेल तर औषधही रोजचं लागतं. नाकाचा उपचार पंपाची जागा घेत नाही, त्याला जोड देतो.

आजीचं काय झालं? नाकाचा फवारा आणि पंप दोन्ही नियमित सुरू झाले. काही महिन्यांनी खाटेवर बसून काढायच्या रात्री कमी झाल्या. पण त्या सहा वर्षांत तिची शेगावची पायी वारी सुटली ती सुटलीच. दरवर्षी गावच्या दिंडीबरोबर घाट उतरून जायची. नंतर एसटीने गेली, पण म्हणायची, “बसून गेलं त काय गेलं?”

गेल्या दिवाळीत मी गावी होतो. सकाळी उठलो आणि एकापाठोपाठ बारा शिंका आल्या. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, “काय झालं रे?” तोंडावर उत्तर आलंच होतं. पण थांबलो. पुण्याला परत आल्यावर फुंकर मारायची ती तपासणी, स्पिरोमेट्री, करून घेतली. छाती ठीक आहे, नाक ठीक नाही. आता फवारा चालू आहे आणि वर्षभराने पुन्हा तपासणी करायची आहे.

तुमच्या घरात असं ‘सर्दीच तर आहे’ म्हणणारं कोणी असेल, तर हा भाग त्यांना ऐकवा. ऐकत नसतील तर वाचून दाखवा. भेटू पुढच्या भागात.